माप राखणार कोण?



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचें स्मरण आपणांस प्रथम होतें. परंतु ज्या इतिहासाशीं प्रत्येक कुटुंबाचा रोज संबंध येतो, तो वाण्याच्या दुकानांत घडलेला आहे. शेर, पायली, तोळा, वार हे शब्द आपल्या वाडवडिलांच्या तोंडीं होते. किलो, लिटर, मीटर हे आपल्या तोंडीं आहेत. एका मापावरून दुसऱ्या मापावर आपण कसे आलों, आणि त्यांत घर चालविणाऱ्याचा लाभ कोठें झाला व तोटा कोठें झाला, हें आज सांगावयाचें आहे. खरेदी करतांना फसूं नये, हा उपदेश सर्वच करतात. पण लोक कसे फसत आले आणि ती फसवणूक कशी आटोक्यांत आली, हें ठाऊक असल्याखेरीज तो उपदेश पोकळ राहतो.

आपल्या देशांत वजनांची शिस्त फार जुनी आहे. हरप्पा, मोहेंजोदडो, लोथल येथील उत्खननांत दगडाचीं घासून गुळगुळीत केलेलीं घनाकृति वजनें सांपडलीं. लहान वजनाच्या दुप्पट दुसरें, त्याच्या दुप्पट तिसरें, अशा क्रमानें तीं वाढत जातात. आणि एकमेकांपासून शेंकडों कोस दूर असलेल्या नगरांत त्यांचें प्रमाण एकच आढळतें. त्या लोकांची लिपि आपणांस अद्याप वाचतां आलेली नाहीं. त्यांचीं वजनें मात्र आपण आजहि तोलून पाहूं शकतों.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. वजनामापांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास त्यांत 'पौतवाध्यक्ष' असें नांव आहे व त्याच्या कामासाठीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. वजनें लोखंडाचीं किंवा मगध व मेकल या देशांतील दगडाचीं करावीं. अथवा जो पदार्थ पाण्यानें भिजून वाढत नाहीं व उष्णतेनें घटत नाहीं, अशा पदार्थाचीं करावीं, असें तेथें सांगितलें आहे. धान्याचें माप कोरड्या व टणक लांकडाचें असावें आणि त्यावर चढणारी शीग मापाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असावी. दर चार महिन्यांनीं वजनांची तपासणी व्हावी, आणि तपासणी न केलेलें वजन वापरणारास सव्वासत्तावीस पण दंड व्हावा. मनुस्मृतींत हीच तपासणी दर सहा महिन्यांनीं सांगितली आहे. नियम करणाराला बाजारांतील लबाडी चांगली परिचयाची होती, हें या बारकाव्यांवरूनच उघड होतें. भिजून जड होणारीं वजनें कोणी वापरलींच नसतीं, तर तीं वापरूं नयेत असें सांगण्याचें कारण पडलें नसतें.

आपल्या मराठी भाषेंत या बाजाराच्या खुणा ठिकठिकाणीं राहिल्या आहेत. एखादा मनुष्य दुसऱ्याच्या 'पासंगालाहि पुरत नाहीं' असें आपण म्हणतों. पासंग म्हणजे तराजूचीं दोन्ही पारडीं समतोल व्हावीं म्हणून हलक्या पारड्यास लावलेलें लहानसें वजन. एखादी गोष्ट 'शिगेस पोहोंचली' असें म्हणतों. शीग म्हणजे माप भरल्यावर त्याच्या कांठावर चढलेली धान्याची निमुळती रास. धान्य मोजतांना पहिल्या मापास 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणण्याची चाल खेड्यापाड्यांतून होती. ही चाल शुभशकुनाची खरी, पण तिच्यांत व्यवहारहि होता. मोजणारा प्रत्येक माप मोठ्यानें उच्चारीत असे, आणि घेणारा तें कानांनीं ऐकत व डोळ्यांनीं पाहत असे. मोजणी ही दोघांच्या साक्षीनें व्हावयाची गोष्ट होती. पेशवाईंत पुणें शहराच्या कोतवालाकडे शहराच्या बंदोबस्ताबरोबर बाजारभाव व वजनेंमापें यांची देखरेखहि असे. परंतु कोतवालाचा शिपाई प्रत्येक दुकानीं प्रत्येक वेळीं उभा राहूं शकत नाहीं, हें त्या वेळींहि खरें होतें.

महाराष्ट्रांत धान्य बहुधा मापानें घेत. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. सोनें, रुपें, केशर, कस्तुरी यांसाठीं वजन असे: आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. मापानें घेण्यांत एक मोठी अडचण होती. सारखेंच धान्य मावणारीं दोन मापें घ्या. एकाचें तोंड रुंद व दुसऱ्याचें अरुंद असूं द्या. कांठोकांठ भरलीं तर दोहोंत धान्य सारखें, पण शीग लावून भरलीं तर रुंद तोंडाच्या मापांत पुष्कळ अधिक. म्हणजे घेतांना रुंद माप व देतांना अरुंद माप वापरलें, कीं मापास हात न लावतां नफा झाला. शिवाय धान्य उंचावरून सोडलें तर तें दाबून बसतें, आणि हलक्या हातानें लोटलें तर पोकळ राहतें. आपल्या आज्या शेर मोजतांना दुकानदाराच्या हाताकडे पाहत असत, तें यासाठीं.

तराजूची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. रिकामीं पारडीं समतोल दिसलीं कीं तराजू खरा, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. समजा, दांडीची एक भुजा दहा बोटें व दुसरी अकरा बोटें आहे. आणि आंखूड बाजूच्या पारड्यास पासंग लावून दोन्ही पारडीं बरोबर केलीं आहेत. आतां आंखूड बाजूस किलोचें वजन व लांब बाजूस साखर घातली, तर दांडी सरळ राहील, पण साखर भरेल अवघी ९०९ ग्रॅम. याची परीक्षा सोपी आहे. वजन व माल यांच्या जागा बदलून पुन्हां तोलावयास सांगावें. तराजू खोटा असेल तर दांडी लगेच कलते. गंमत अशी कीं, अशा तराजूवर एक किलो एका बाजूनें व एक किलो दुसऱ्या बाजूनें तोलून घेतला, तर ९०९ व ११०० मिळून २००९ ग्रॅम होतात, आणि तोटा दुकानदारासच होतो. मीं तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना अंकगणित शिकविलें. त्यांत या उदाहरणानें जितकी मुलें सावध होऊन बसत, तितकीं दुसऱ्या कशानेंहि बसत नसत.

इंग्रजी अंमलांत एक नवा घोटाळा उभा राहिला. 'मण' हा शब्द सर्वत्र एक, पण बंगालचा मण सुमारें ३७ किलोंचा, मुंबईचा पावणेतेरा किलोंच्या आंतबाहेर, आणि मद्रासचा सव्वाअकरा किलोंच्या सुमाराचा. मुंबईचा शेर अठ्ठावीस तोळ्यांचा व बंगाली शेर ऐशीं तोळ्यांचा. ज्यास आपल्या गांवच्या शेराचें वजन ठाऊक, त्यास शेजारच्या जिल्ह्यांत भाव ऐकून कांहींच बोध होत नसे. १८३३ सालच्या बंगालच्या कायद्यानें तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे आजच्या हिशेबानें ११.६६ ग्रॅमचा ठरला, आणि पुढें १८३५ पासून कंपनीचा रुपयाहि त्याच वजनाचा पडूं लागला. यामुळें लोकांना एक आयतें वजन मिळालें: खात्रीचे रुपये पारड्यांत टाकले कीं तोळ्यांचा हिशेब पटत असे. सर्व देशासाठीं एक माप असावें म्हणून १८७१ सालीं कायदा झाला, पण तो अमलांत आलाच नाहीं. मुंबई इलाख्यानें १९३२ सालीं आपला स्वतंत्र कायदा केला. मध्यवर्ती सरकारचा वजनांचा कायदा १९३९ सालीं झाला व १९४२ पासून लागू झाला. म्हणजे पहिल्या प्रयत्नापासून सत्तर वर्षें गेलीं.

या सगळ्या गुंत्यांतून वाट काढावयास लोकांजवळ एक साधन होतें, तें म्हणजे तोंडचा हिशेब. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे मुलें सकाळीं घोकीत, ते कांहीं परीक्षेपुरते नव्हते. रुपयाचे सोळा आणे व शेराचीं सोळा छटाकें, म्हणून 'जितक्या रुपयांस शेर तितक्या आण्यांस छटाक'. मणाचे चाळीस शेर, म्हणून 'जितक्या रुपयांस मण तितक्या आण्यांस अडीच शेर'. अशीं सूत्रें ज्यास पाठ, त्यास फसविणें कठीण जाई. ज्यास तीं येत नसत, तो दुकानदाराच्या शब्दावर जाई. वजनें एक असोत वा अनेक, हिशेब येणारा व न येणारा यांच्यांतील हें अंतर इतिहासांत सारखें दिसत राहतें.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न निकालांत निघाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५६ सालीं वजनामापांचा नवा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून कांहीं भागांत दशमान वजनें सुरू झालीं, आणि १९६२ पर्यंत जुनीं मापें व्यवहारांतून काढून टाकण्यांत आलीं. एवढ्या मोठ्या देशानें इतक्या थोड्या वर्षांत शेर सोडून किलो घेतला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु संक्रमणाचा काळ हा अजाणांना नेहमींच महाग पडतो. आण्याचे खरे नये पैसे सव्वासहा. ठरविलेल्या कोष्टकांत एका आण्यास सहा धरले होते. एकदम रुपया मोडणाऱ्यास शंभर पैसे मिळत. पण एकेका आण्याच्या सोळा वस्तु विकणाऱ्यास प्रत्येकीचे सहा पैसे मिळाले, तर त्याच्या हातीं शहाण्णवच येत. हा चार पैशांचा फरक मोठ्या व्यवहारांत दिसत नसे; तो एकेका आण्याचा व्यवहार करणाऱ्या गरिबाच्या कनवटीस लागे.

शेराचा किलो होतांनाहि असेंच झालें. ऐशीं तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो हा शेराहून सुमारें सात टक्के मोठा. चौदा आणे शेराची वस्तु पंधरा आणे, म्हणजे ९४ नये पैसे किलोनें मिळावयास हवी. 'नवें वजन मोठें आहे' असें म्हणून कोणी पुरा रुपया मागितला, तर तें वजन मोठें होतें हें खरें, पण किती मोठें होतें हें विचारणें गिऱ्हाइकाचें काम होतें.

जुन्या मापांचे शब्द मात्र मागें राहिले आणि त्यांचे अर्थ बदलले. नऊवारी लुगड्यांतील वार हा ३६ इंचांचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांस किंचित् कमी. सोन्याच्या पेढींत आज 'तोळा' म्हणतात तो बहुधा दहा ग्रॅमचा असतो. आजीच्या पाटल्या ज्या तोळ्यानें तोलल्या तो ११.६६ ग्रॅमचा. जुन्या चिठ्ठींतील दहा तोळे म्हणजे आजचे साडेअकरा तोळ्यांहून अधिक. वाटणीच्या वेळीं किंवा दागिना मोडतांना हा भेद ध्यानांत ठेविला नाहीं, तर घरांत विनाकारण संशय उत्पन्न होतो. सोन्याच्या कसाविषयीं आज आपली स्थिति पूर्वजांपेक्षां बरी आहे. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आंकडा व सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ज्या दागिन्यांवर प्रमाणचिन्ह सक्तीचें आहे ते या क्रमांकाशिवाय विकण्यास १ एप्रिल २०२३ पासून बंदी आहे. हा क्रमांक पावतीशीं ताडून पाहण्यास क्षणभर लागतो.

कौटिल्याच्या शिक्क्याचा वारसा आजहि चालू आहे. साधा तराजू व वजनें यांची दर दोन वर्षांनीं, आणि विजेच्या कांट्याची दर वर्षीं, फेरपडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. आपण शिक्का पाहण्याचे श्रम घेतों काय? विजेच्या कांट्यावर आंकडे लाल अक्षरांत उमटतात, म्हणून ते खरेच असले पाहिजेत असें वाटतें. पण माल ठेवण्यापूर्वीं आंकडा शून्यावर आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. मिठाई घेतांना खोक्याचें वजन मिठाईच्या भावानें देऊं नये. घरगुती वायूच्या टाकींत १४.२ किलो वायू असतो व रिकाम्या टाकीचें वजन टाकीवरच लिहिलेलें असतें. दोहोंची बेरीज करून टाकी तोलून मागण्याचा आपणांस हक्क आहे.

परंतु आजचें गिऱ्हाईक तराजूसमोर फारसें उभेंच राहत नाहीं. माल बंद पुड्यांतून येतो. १९७७ सालच्या नियमांनीं पुड्यावर वजन, किंमत व तयार करणाराचें नांव छापणें भाग पाडलें. १९९० सालीं सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम आला. हल्लींचा वजनमाप कायदा २००९ चा असून तो २०११ पासून चालू आहे. ठराविक वस्तूंचे पुडे ठराविक वजनांचेच असावेत, असा नियम पूर्वीं होता. २०२१ सालच्या दुरुस्तीनें तो काढून टाकण्यांत आला आणि त्याऐवजीं दर ग्रॅम किंवा दर किलो किंमत काय पडते, तें छापण्याचें बंधन आलें. म्हणजे किंमत तीच ठेवून पुडा दोनशे ग्रॅमचा एकशेंऐशींचा होऊं शकतो. रुंद तोंडाच्या मापाचीच ही नवी आवृत्ति आहे. पूर्वीं शिगेकडे पाहावें लागे, आतां बारीक अक्षरांकडे.

येथेंहि जुन्या सूत्रांसारखें एक सूत्र मुलांना शिकवावें. किलोंत दहा ग्रॅमचे शंभर भाग आणि रुपयांत शंभर पैसे. म्हणून 'जितक्या रुपयांस किलो तितक्या पैशांस दहा ग्रॅम'. समजा, १८० ग्रॅमचा पुडा ४५ रुपयांस आहे व ४०० ग्रॅमचा ९२ रुपयांस. पहिल्यांत दहा ग्रॅमला २५० पैसे, म्हणजे किलोचा भाव २५० रुपये. दुसऱ्यांत २३० पैसे, म्हणजे २३० रुपये. मोठा पुडा नेहमींच स्वस्त असतो असें मात्र नाहीं. म्हणूनच प्रत्येक वेळीं हिशेब करावा.

आतां या इतिहासांतील शेवटची व माझ्या मतें महत्त्वाची गोष्ट सांगतों. १८७१ चा कायदा कागदावर राहिला आणि अलीकडचे कायदे थोडेबहुत तरी चालतात, हा फरक कशानें पडला? त्याचें एक मोठें कारण म्हणजे मधल्या काळांत गिऱ्हाइकें संघटित झालीं. १९६६ सालीं मुंबईंत नऊ स्त्रियांनीं एकत्र येऊन 'कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी' स्थापन केली. १९७२ सालीं मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि भगिनींच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या स्त्रिया लाटणीं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७५ सालीं बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानें मुंबई ग्राहक पंचायत निघाली. कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करावा व आपसांत वांटून घ्यावा, हा तिचा उपक्रम पुष्कळ घरांत पोंचला. त्यानंतर २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानें घेतली व तो जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रारीसाठीं १९१५ हा दूरध्वनि क्रमांकहि आहे. हा क्रम पाहा: आधीं स्त्रिया जाग्या झाल्या, मग कायदा झाला.

म्हणून माप राखणार कोण, या प्रश्नाचें उत्तर केवळ 'सरकार' असें देतां येत नाहीं. पौतवाध्यक्ष चार महिन्यांनीं येई, आजचा निरीक्षक वर्षानें येतो. मधले सगळे दिवस गिऱ्हाइकाचे असतात. पण तें काम एकट्यापुरतें समजूं नये. आपणांस पावती वाचतां येते, बारीक अक्षरें दिसतात, हिशेब करतां येतो. आपल्याच दुकानीं आपल्यामागें उभी असलेली बाई रोजच्या मजुरींतून पाव किलो डाळ व दहा रुपयांचें तेल घेते; तिला कदाचित् यांतलें कांहींच येत नसेल. कांटा शंभर ग्रॅम खोटा असेल, तर आपलें त्यांत थोडें बिघडतें, तिची एका वेळची आमटी पातळ होते. आपण शिक्का पाहावयास मागितला, पारडें बदलून तोलावयास सांगितलें, पावती घेतली, तर तो कांटा तिच्यासाठींहि सुधारतो. दुकानदार प्रामाणिक असेल तर त्यास याचा राग येण्याचें कारण नाहीं; खरें माप देणाऱ्याची पत अशा गिऱ्हाइकामुळेंच वाढते. पुढच्या वेळीं सामान आणावयास जाल, तेव्हां घरांतील एखाद्या मुलास बरोबर न्या, आणि कांट्यावरचा आंकडा त्याला मोठ्यानें वाचावयास सांगा.